तानपुरा घेताय? नक्षी नंतर बघा!

गाण्याचा क्लास लावला की महिन्याभरात प्रश्न येतोच, ‘स्वस्तातला तानपुरा घेऊ का?’ घ्या की! पण आमच्या कारंजा लाडहून मिरज लांब. मग मोबाइलवर फोटो बघूनच ऑर्डर जाते. फोटोत नक्षी दिसते, सूर थोडाच दिसतो?

माझा फंडा सोपा आहे. जे नंतर दुरुस्त होतं, त्यावर अडू नका. तारा गंजल्यात? बदलता येतात. आवाज बोथट येतोय? घोडी घासून जवारी पुन्हा काढता येते. चांगल्या तानपुऱ्यालाही ते अधूनमधून करावंच लागतं. पण भोपळ्याला तडा किंवा दांडीला बाक असेल, तर सरळ ‘नको’ म्हणा.

म्हणून व्हिडिओ कॉल लावा. दांडी एका टोकाकडून दाखवायला सांगा. चारही तारा जुळवून घ्या, दहा मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा छेडायला सांगा. नव्या तारा थोड्या उतरणारच. पण खुंटी सोडताच मागे फिरत असेल, तर ती नीट बसवून मागा. आणि हो, आपली पट्टी आधीच सांगा.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालं. ती गावाच्या कारागिरीची ओळख. तुमच्या हातातला पीस तपासायचं काम तुमचंच!

उतरलेल्या तानपुऱ्यावर रियाज केला की कानही तसाच घडतो. मग आपण म्हणतो, ‘मला गाणं जमतच नाही.’ त्यापेक्षा बिननक्षीचा, पण सुरात राहणारा तानपुरा केव्हाही बरा.