मुलाच्या छातीत गाठ आली तर

वयात येणं म्हटलं की आपल्याला मुलीच आठवतात. पाळी येण्याआधी आई, मावशी किंवा शाळेतल्या बाई मुलीला चार गोष्टी सांगतात. त्या तासाला वर्गातल्या मुलांना मैदानावर पिटाळलं जातं. मुलगे काय, शिकतील आपोआप! मला हे अजिबात पटत नाही.

साधारण १३-१४ व्या वर्षी मुलाच्या स्तनाग्राखाली बटणासारखी गाठ येते. दाबली की दुखते, शर्ट घासला तरी हुळहुळते. कधी एकाच बाजूला, कधी दोन्हीकडे. मुलाला वाटतं कॅन्सर झाला, नाहीतर आपण मुलगी होत चाललोय. तो कोणाला सांगत नाही. पोहणं बंद करतो, उकाड्यातही सैल शर्ट घालतो, खांदे पुढे पाडून चालतो. आणि घरचे ओरडतात, "ताठ चाल जरा!"

प्रत्यक्षात वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना हे कमीअधिक होतं. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुरुषांच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन असतंच. टेस्टोस्टेरॉन पुरेसं वाढेपर्यंत काही काळ त्याचं पारडं जड राहतं आणि छातीतली ग्रंथी फुगते. तोल सावरला की बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत विरते. औषध लागत नाही. मलम चोळू नका, सारखं दाबून पाहू नका. (वजन जास्त असलेल्या मुलांत कधी नुसती चरबीच असते. ती मऊ लागते, बटण हाताला लागत नाही.)

गाठ दगडासारखी कडक असेल, भराभर वाढत असेल, स्तनाग्रातून स्राव येत असेल, दोन वर्षांनंतरही तशीच असेल, किंवा अंडकोष वाढण्याआधीच आली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मुलगा काही औषधं किंवा जिममधली इंजेक्शनं घेत असेल तर तेही सांगा.

गाठीपेक्षा चिडवणं जास्त दुखतं. चिडवणारी फक्त वर्गातली मुलं नसतात, लग्नघरात सगळ्यांसमोर छातीला चिमटा काढणारे काकाही असतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

आणि बाबांनो, अकरा-बाराव्या वर्षीच, गाठ येण्याआधी मुलाशी बोला. भाषण नको. स्कूटरवर मागे बसलेला असताना बोललात तरी चालेल, नजरेला नजर द्यावी लागत नाही. "छातीत दुखरी गाठ आली तर घाबरू नकोस, बऱ्याच मुलांना येते. मला सांग," एवढं पुरे.