नेब्युलायझरचा ओला कप
दिवाळीचा धूर आणि मागोमाग थंडी आली की घरोघरी नेब्युलायझर कपाटाबाहेर निघतो. औषध काळजीने मोजणारी माणसेही नंतर मास्क आणि कप तसाच ओला पिशवीत कोंबतात, याची मला खरोखर धास्ती वाटते. त्या ओलाव्यात स्युडोमोनाससारखे जंतू वाढू शकतात आणि पुढच्या खेपेला थेट फुप्फुसात जातात. दर वेळी दोन्ही साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, हवेवर पूर्ण वाळू द्या. नळी मात्र धुवायची नाही. औषधात नळाचे पाणी कधीच नको, डॉक्टरांनी सांगितलेले सलाइनच घाला. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड दिल्यावर मुलाला चूळ भरायला लावा, चेहरा धुवा. आणि श्वासनलिका मोकळी करणारे साल्ब्युटामॉल देऊनही धाप थांबत नसेल, तर पुन्हापुन्हा यंत्र लावत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.