दहापैकी दहाच पाहिजेत

पावसाळ्यात आमच्या शाळेच्या आवारात गवत माजते. दर शनिवारी आम्ही ते उपटतो. हात चिरतात. म्हणून दादाने गवत कापणारे आपोआप चालणारे यंत्र करायला घेतले, तेव्हा मला लई आनंद झाला. दादा माझा चुलतभाऊ. तो तालुक्याला डिप्लोमा शिकतो.

दादाने भंगारातून गाडीची काच पुसायच्या दोन मोटारी आणल्या. दोन चाकांना दोन मोटारी. एकच फिरली की यंत्र वळते. फळीवर १२ व्होल्टची बॅटरी आहे. खाली चकतीला तीन छोटी पाती बसतात. ती सैल असतात, म्हणून दगड लागला की मागे सरतात. पुढे दोन डोळे आहेत. एक डोळा आवाज सोडतो. तो आपल्याला ऐकू येत नाही. आवाज वस्तूवर आपटून परत येतो, तो दुसरा डोळा ऐकतो. त्यावरून अंतर कळते. वटवाघूळ असेच करते.

गुडघाभर गवत या यंत्राला झेपत नाही. आधी मोठ्यांनी विळ्याने कापले. ते म्हशीला गेले.

मग चाचणी झाली. "पाती लाव, पाती लाव!" असे आम्ही सगळे ओरडलो. दादा म्हणाला, "पाती मागून. आधी नुसतंच पळवू." मला राग आला. यंत्र बादलीजवळ गेले आणि वळले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते माझ्या धाकट्या बहिणीच्या चपलेवरून सरळ गेले! डोळे वीतभर उंच, चप्पल खाली. पोरे हसली. मी हसलो नाही. ती तिथेच हात टेकून बसली होती. गवतावर टेकलेला हात चपलेपेक्षा उंच नसतो.

दादाने पुढे एक खाली लोंबणारी पट्टी लावली. पट्टीला काही लागले की बटण दाबते आणि यंत्र थांबते. पुन्हा चप्पल ठेवली. दहा वेळा चालवले. आठ वेळा थांबले, दोन वेळा वरून गेले.

वर्गातली मुले म्हणतात, दहापैकी आठ म्हणजे पहिला वर्ग, आता पाती लावा. मला हे पटत नाही. परीक्षेत आठ गुण चालतात, कारण चुकलेले गणित पुन्हा सोडवता येते. तुटलेले बोट पुन्हा येत नाही.

स्वीडनमध्ये १९९५ साली उन्हावर चालणारे असे यंत्र विकायला आले. आता युरोपात अशी यंत्रे पुष्कळ आहेत. तिकडे हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी रात्री फिरतो. तो भ्याला की पळत नाही, अंगाचा गोळा करून बसतो. रात्री चालणाऱ्या यंत्रांनी तो जखमी होतो. आमच्याकडे बेडूक आहेत, आणि आम्ही मुले आहोत.

म्हणून माझे मत असे आहे. यंत्र जरूर करावे. पण त्याला कापायच्या आधी थांबायला शिकवावे. उचलले की पाते बंद झाले पाहिजे. ते दिवसाच चालवावे, आणि मुले आवारात नसताना. दहापैकी दहा वेळा थांबेपर्यंत पाती लावू नयेत. तोवर मी शनिवारी गवत उपटीन. थोडी कुरकुर करीन, पण उपटीन.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढच्या अंकात लिहावे.

— इयत्ता ४ थी