माप आधी, सायकल नंतर

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे आणि उंची 187 सेंटिमीटर. सांगलीला आपाच्या घरात शिरताना तो चौकटीखाली सवयीनंच मान वाकवतो. गेल्या वर्षी त्याला ट्रॅक सायकलिंगचा नाद लागला. सांगली भागात सायकल शर्यतींचा शौक जुना, त्यामुळे घरात कुणी विरोध केला नाही. दुल्हाभाई टेलर आहेत. ईदच्या हंगामात रात्र-रात्र मशीन चालवून त्यांनी 28,000 रुपये बाजूला ठेवले आणि मुलाला जुनी ट्रॅक सायकल घेऊन दिली. फ्रेम चांगल्या कंपनीची होती, रंग शाबूत होता, चाकं सरळ होती. तिचं माप मात्र कुणीच पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याहून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मुलगा जिना एकेक पायरी धरून उतरत होता. “मामू, घुटना दुखता,” एवढंच बोलला. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली होती. आपाचं म्हणणं, सायकलच विकून टाका. दुल्हाभाई गप्प होते. मी टेप मागितला आणि फ्रेम मोजली. 54 निघाली. त्याच्या पायांना किमान 58 हवी होती.

ट्रॅक सायकल ही आपल्या रोजच्या सायकलीपेक्षा वेगळी चीज आहे. तिला ब्रेक नसतो, गिअर बदलता येत नाहीत आणि मागचं चाक पॅडलशी बांधलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. मध्येच थांबून गुडघ्याला आराम देता येत नाही. म्हणून बसण्याची जागा दोन सेंटिमीटर चुकली तरी ती चूक प्रत्येक फेऱ्याला पुन्हा होते आणि एका सरावात असे हजारो फेरे होतात.

आमच्या मुलाचं नेमकं काय झालं होतं? फ्रेम लहान, म्हणून सीटची नळी वर ओढली. तिच्यावर एक खूण असते. ती खूण बाहेर दिसली तर नळी फ्रेममध्ये पुरेशी उरलेली नाही असं समजावं, कारण जोर लावताना ती मोडू शकते. खूण बाहेर येऊ नये म्हणून त्यानं सीट हवी त्यापेक्षा खालीच ठेवली. मग गुडघा जास्त दुमडून प्रत्येक वेळी त्याच्यावर भार पडू लागला. पुढे हँडल जवळ आलं, पाठीला बाक आला. हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. साध्या सायकलीवर अशा वेळी पाय थांबवता येतो. इथे थेट पडायचीच वेळ.

आता माप कसं घ्यायचं ते सांगतो. यासाठी दुकानात जायची गरज नाही. भिंत, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पेन्सिल आणि टेप पुरे. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, दोन पावलांत सुमारे 15 सेंटिमीटर अंतर. पुस्तक दोन पायांच्या मध्ये सरळ धरून, सीटवर बसल्यासारखं वाटेपर्यंत वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करून जमिनीपासूनचं अंतर मोजायचं. तीनदा घ्यावं आणि सरासरी काढावी.

इथे दुल्हाभाईंनी हरकत घेतली. “पँटची आतली लांबी मला पाठ आहे, 85.” पुस्तक लावून मोजलं तर 90 आलं. कपड्याच्या मापात वर ढील असते आणि खाली माप बुटापर्यंतच जातं. ही पाच सेंटिमीटरची तफावत त्यांच्या पटकन लक्षात आली, कारण मापाची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

पुढे साधा गुणाकार. आलेल्या लांबीला 0.883 नं गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते: 90 ला सुमारे 79.5 सेंटिमीटर. तीच लांबी 0.65 नं गुणली की फ्रेमच्या उभ्या नळीचा अंदाज येतो: 58.5. हा अंदाज वरची नळी आडवी असलेल्या जुन्या घडणीच्या फ्रेमसाठी आहे. शिवाय काही कंपन्या उभी नळी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही वरच्या टोकापर्यंत. त्यामुळे एकाची 56 दुसऱ्याची 58 असू शकते. नुसत्या आकड्यावर न जाता स्वतः टेप लावावा.

उंच मुलांचे पालक आणखी एक गोष्ट विसरतात. दोन मुलं 187 ची असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. लांब धडाच्या मुलाला वरची नळी लांब लागते, नाहीतर तो हँडलवर गोळा होऊन बसतो. म्हणून क्रँकच्या मध्यापासून हँडलची नळी किती उंच आणि किती पुढे आहे, ही दोन मापंही विचारावीत. नव्या फ्रेमच्या तक्त्यात ती दिलेली असतात.

काही जण उलटी चूक करतात. शाळेचा गणवेश घेतो तशी “पुढे वाढेल” म्हणून मोठी फ्रेम घेतात. गणवेशाची बाही दुमडता येते, लोखंडाची नळी दुमडता येत नाही. क्रँकही उंची बघून उगाच लांब घेऊ नये. ट्रॅकवर 165 मिलिमीटरचा क्रँक सर्रास वापरतात, कारण तिरक्या वळणावर लांब क्रँकचं पॅडल जमिनीला टेकू शकतं.

उंची हा या खेळात दोष नाही. इटलीचा फिलिपो गाना 193 सेंटिमीटरचा आहे. 8 ऑक्टोबर 2022 ला त्यानं स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनच्या ट्रॅकवर एका तासात 56.792 किलोमीटर सायकल चालवून विश्वविक्रम केला. आंतरराष्ट्रीय संघटनेनंही 2023 पासून घड्याळाविरुद्धच्या शर्यतींसाठी हँडलच्या मापाचे नियम उंचीनुसार तीन गटांत केले: 180 पर्यंत, 180 ते 190 आणि त्यावर.

आमची 54 ची सायकल 21,000 ला गेली. सात हजार बुडाले आणि त्या हंगामातली निवड चाचणीही हुकली. दुल्हाभाईंनी पुन्हा पैसे जमवले. या वेळी 58 ची जुनी फ्रेम घेताना बाप-लेक टेप घेऊन गेले. आता सराव घरात रोलरवर होतो. बिनब्रेकची सायकल रस्त्यावर काढायची नाही, ही आपाची अट आहे आणि ती योग्यच आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीला उभारलेल्या ट्रॅकवर तो महिन्यातून एकदा जातो. गुडघा दुखत नाही, अल्हमदुलिल्लाह.

मुलाचा शौक पुरवताना आपण पैशाची तजवीज आधी करतो आणि चौकशी नंतर. बूट असो, बॅट असो की सायकल, खर्चाआधी अर्धा तास त्याच्या शरीराचं माप घ्यायला द्या. दुल्हाभाईंच्या दुकानातल्या मापाच्या वहीत आता मुलाच्या नावापुढे पँटच्या लांबीखाली आणखी तीन आकडे लिहिलेत: 90, 79.5, 58. दर सहा महिन्यांनी ते पुन्हा मोजतात, कारण मुलगा अजून वाढतो आहे.