छायाचित्राची वही

छायालेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास चित्रांबरोबर स्वतःच्या कामाचें परीक्षणही लिहावें लागतें. पुष्कळ मुलें ‘चित्र चांगलें आलें’ एवढें लिहून मोकळीं होतात. हें परीक्षण नव्हे. चित्रानें काय सांगितलें आणि काय सांगावयाचें राहिलें, हें त्यांत आलें पाहिजे.

उदाहरणार्थ, नांदेड जिल्ह्यांतील होट्टलच्या मंदिरावरील मूर्ति भर दुपारीं टिपल्या, तर माथ्यावरच्या उन्हानें भुवयांखालीं काळोख साचतो व डोळे हरवतात. सकाळच्या तिरप्या उजेडांत त्याच बोलूं लागतात. दोष असा कारणासह लिहिला, म्हणजे पुढील खेपेस टळतो.

लातूर जिल्ह्यांतील किल्लारीची गोष्ट याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हां मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारों माणसें दगावलीं. अशा पडक्या भिंतीचें चित्र कितीही हृदयद्रावक असो. शेजारीं मापाची काठी नसेल तर जाडी कळत नाहीं, आणि खालीं गांव व दिनांक नसेल तर पुरावाही उरत नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलामुलींची ही वही अवश्य पाहावी, आणि कौतुकापूर्वीं विचारावें, ‘यांतून आम्हांस काय कळावें?’