पाते जुने, कवायत नवी

गेल्या शिवजयंतीच्या सुमारास शेवगावला धाकट्या भावाकडे गेलो होतो. संध्याकाळी त्याची नात अंगणात लाठी फिरवीत होती. मिरवणुकीत तिच्या मुलींच्या तुकडीचे मर्दानी खेळ होते. दम खात तिने विचारले, "आजोबा, महाराजांचे मावळे अगदी अस्संच शिकायचे का हो?" मी ठोकून दिले, "अगदी अस्संच!" पोरीने ते शाळेतल्या भाषणात लिहूनही टाकले, आणि माझ्या मनाला टोचणी लागली.

कारण मला कोरियातली एक गोष्ट आठवली. तिकडे 'हैदोंग गुमदो' नावाची तलवारविद्या आहे. तिचे प्रवर्तक तिचा धागा प्राचीन गोगुर्यो राज्याच्या योद्ध्यांपर्यंत नेतात. प्रत्यक्षात ती आकाराला आली १९८० च्या दशकात. १७९० साली राजाज्ञेने तयार झालेला युद्धविद्येचा सचित्र ग्रंथ तिथे आहे, पण ग्रंथ असणे वेगळे आणि गुरुशिष्यांची अखंड परंपरा असणे वेगळे. मात्र शिष्यांची मेहनत खोटी नव्हे. लाकडी तलवारीने आरंभ करून ते पुढे बांबू कापतात, पात्याच्या नुसत्या वाऱ्याने मेणबत्ती विझवतात!

आता आपल्या घरात पाहू. दांडपट्टा खरोखरच जुना. मूठ लोखंडी खोबणीच्या आत, हात कोपरापर्यंत झाकलेला. मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून यावा लागतो. पण १८७८ च्या कायद्याने शस्त्राला परवाना आला आणि रणातली विद्या तालमीत नि उत्सवात उरली. रांगेत उभे राहून एका तालावर लाठी फिरवणे ही बरीचशी विसाव्या शतकातल्या व्यायामशाळांची देणगी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे; तिथल्या मंडळींनी १९३६ साली थेट बर्लिनला आपले खेळ दाखवले. दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला तो तर २०२४ साली.

सकाळी नातीला सारे सांगितले. ती हिरमुसली. "म्हणजे भाषणातलं खोडू?"

"तेवढं एक वाक्य खोड. पट्टा जुना, हे राहू दे."

"आणि आमच्यासारखी मुलींची तुकडी? ती तरी जुनी ना?"

"तीही नवीच, बाळ."

तिने क्षणभर विचार केला आणि लाठी उचलली. "मग नवीन आहे तेच बरं की, आजोबा!"