मशीनला दिसलेली गाठ आणि बाईची पिशवी

सोनोग्राफीचा कागद हातात पडला की आपल्या आयाबहिणींचा जीव अर्धा होतो. ‘पिशवीला गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल’, एवढे ऐकले की व्याजाने पैसे काढून पिशवी काढली जाते. बीड जिल्ह्यात २०१९ साली हेच चव्हाट्यावर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या!

हे बीडचे दुखणे म्हणून बुलडाण्याने गप्प बसू नये. सिंदखेडराजा, लोणारकडूनही माणसे हंगामाला घर सोडतात. ही माणसे कोण? दलित, भटके, भूमिहीन.

मशीन खोटे बोलत नाही, हीच तर अडचण आहे. ते बारीकसारीक सगळेच दाखवते. गर्भाशयातल्या मांसल गाठी असंख्य बायांना असतात. बहुतेक निरुपद्रवी, पाळी गेल्यावर आकसणाऱ्या. अंडाशयावरची पाण्याची गाठ पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सरसकट सुरू झाली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरचे निदान पंधरा पटीने वाढले. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. मग एवढे गळे चिरून मिळवले काय? तिथले डॉक्टरच २०१४ साली उघड बोलले, तेव्हा ऑपरेशने घटली.

आपल्याकडे डॉक्टरच्या भीतीला मुकादमाची साथ आहे. उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड. मग बाईच म्हणते, पाळीची कटकट नको, काढून टाका. पुढे कंबर धरते, हाडे ठिसूळ होतात, ऑपरेशनचे कर्ज डोक्यावर, आणि पुन्हा तोच मुकादम.

गंमत बघा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची साधी, स्वस्त तपासणी खरोखर जीव वाचवते. ती किती वस्त्यांपर्यंत पोचली?

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. बुलडाण्यातही खासगीत ऑपरेशन ठरलेल्या बाईला तो कागद जिल्हा सामान्य रुग्णालयात फुकट दाखवता आला पाहिजे, आणि त्या दिवशी तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ खुर्चीत असला पाहिजे. जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांनी हे निवेदन घेऊन जावे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्याआधीच जावे.